पातेऱ्यातला चापडा आणि कुपीतले प्रतिविष

पावसाचा जोर ओसरू लागला की सिंधुदुर्गच्या दक्षिण भागात, दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात, काजूच्या बागांची बेणणी सुरू होते. त्याच सुमारास पोफळीच्या कुळागरात गळलेल्या झावळ्या ओढल्या जातात आणि मिरीच्या वेलांची आळी साफ होतात. या सर्व कामांत हात आणि अनवाणी पाय थेट पातेऱ्यात जातात. नेमक्या याच पातेऱ्यात वाळक्या पानाच्या रंगाचा, जेमतेम हातभर लांबीचा एक साप दिवसभर निश्चल बसून असतो. तो पळून जात नाही आणि नागासारखा फणाही काढत नाही. त्यामुळे त्याच्यावर पाय पडेपर्यंत तो तेथे आहे, हे लक्षात येत नाही.

हा हंप-नोज्ड पिट वायपर, म्हणजे नाकाचा शेंडा वर उचललेला चापडा. पश्चिम घाट आणि श्रीलंका हे त्याचे घर असून गोवा व दक्षिण महाराष्ट्र ही त्याच्या प्रदेशाची उत्तरेकडील बाजू आहे. याच रानात त्याचे आणखी दोन भाऊबंद राहतात. बांबूच्या बेटांत व झुडपांत वेटोळे घालून बसणारा हिरवा चापडा हा एक; ओढ्याकाठच्या फांद्यांवर दिसणारा आणि हिरव्यापासून पिवळ्या-तपकिरीपर्यंत अनेक रंगछटा धारण करणारा मलबारी चापडा हा दुसरा. मलबारी चापडा पश्चिम घाटाबाहेर जगात कोठेही आढळत नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधील खळगी ही या साऱ्या गटाची खूण होय. त्या खळगीतील पातळ पडद्याला उष्णतेतील अत्यल्प फरकही जाणवतो, म्हणून मिट्ट काळोखात उंदराचा किंवा माणसाच्या हाताचा अचूक ठाव त्याला लागतो.

या गटातील सर्वांत लांब साप मात्र आपल्याकडे नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतील बुशमास्टर तीन मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या तुलनेत आपला चापडा अगदीच किरकोळ दिसतो आणि खरा धोका येथूनच सुरू होतो. ‘लहान साप आहे, सूज उतरेल’ असे म्हणून दंश झालेला मजूर घरी जातो. बहुतेक वेळा सूज, तीव्र वेदना आणि फोड यांवर प्रकरण थांबतेही. काही रुग्णांत मात्र रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. श्रीलंकेत विषारी सापांच्या दंशांत या सापाचे दंश सर्वाधिक आहेत. भारतात तो दीर्घकाळ फारसा घातक मानला जात नव्हता. केरळमधील डॉक्टरांनी २००७ मध्ये खात्रीशीर ओळख पटवलेल्या गंभीर रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा तो जिवावर बेतू शकतो हे स्पष्ट झाले. अशा दंशांत सापाची ओळख फुरसे म्हणून चुकत असल्याचेही त्यातून दिसले.

ही चूक कोकणात सहज होऊ शकते, कारण फुरसे येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. तेही लहान व तपकिरी असते. परंतु फुरशाचा वावर प्रामुख्याने उघड्या कातळसड्यावर आणि दगडधोंड्यांत असतो. डिवचल्यास ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. चापडा दाट सावलीतील ओलसर पातेऱ्यात असतो, त्याचे नाक वर वळलेले असते आणि अंगावरचे ठिपके सुक्या पानांत मिसळून जातात.

ओळखीचा हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. भारतात उपलब्ध असलेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. हे विष अल्प मात्रेत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे मिळवली जातात. मानेसरच्या कोरड्या अरवली टेकड्यांपासून दोडामार्गच्या कुळागरापर्यंत देशभर याच प्रकारची कुपी वापरली जाते. अरवलीत चापडा नाही, तेथे तिचा प्रश्नही उद्भवत नाही. कुळागरात चापडा आहे, पण कुपीत त्याच्या विषावरचा उतारा नाही. केरळमधील रुग्णांना हे प्रतिविष देऊनही उपयोग झाला नव्हता. उलट, घोड्याच्या प्रथिनांमुळे तीव्र ॲलर्जी होण्याची जोखीम मात्र रुग्णाला पत्करावी लागते.

ज्या सापाचे विष, त्यालाच लागू पडणारे प्रतिविष, हे तत्त्व ब्राझीलचे वैद्य व्हितल ब्राझील यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. फ्रान्समध्ये नागाच्या विषापासून बनवलेले प्रतिविष ब्राझीलमधील सापांवर चालत नाही, हे त्यांना आढळले होते. पुढे १९०१ मध्ये औपचारिक स्वरूप मिळालेल्या साओ पावलोच्या बुतांतान संस्थेने शेतकऱ्यांना साप पाठवण्यासाठी पेट्या पुरवल्या आणि त्या बदल्यात प्रतिविष दिले. बुशमास्टरच्या विषावरील प्रतिविष आजही ही संस्था तयार करते. आपल्या चापड्यासाठी असा उतारा बाजारात नाही.

म्हणून येथे दंश टाळणे हाच पहिला उपचार ठरतो. आणि तेथे एक पेच आहे. पातेरा हटवा, असे सांगणे सोपे आहे. पण तोच पातेरा जमिनीची ओल धरतो, कुजून खत होतो, आणि आच्छादन राखा असा आग्रह कृषी विस्तार कार्यकर्तेच धरतात. तो आग्रह योग्यच आहे. आच्छादन ठेवावे, मात्र ये-जा करण्याच्या वाटा आणि ज्या आळ्यात त्या दिवशी हात घालायचा आहे ते आळे आधी लांब काठीने चाळवून घ्यावे. काजूबी व सुपारी वेचताना काठीला बांधलेली आकडी किंवा दाताळे वापरावे. झावळीचा ढीग उचलण्याआधी तो एका टोकाने ओढून पाहावा. गमबूट महाग वाटतात, पण बागायतदाराने मजुरांसाठी कोयत्याबरोबर त्यांचीही सोय करणे हा उत्पादनखर्चाचाच भाग मानला पाहिजे. संध्याकाळनंतर विजेरीशिवाय बागेत जाऊ नये.

दंश झाल्यास जोडवी, अंगठ्या, कडी त्वरित काढावीत, कारण सूज वेगाने चढते. दंशाचा अवयव हलू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे. आवळपट्टी, चीर, चोखणे हे सर्व वर्ज्य. रक्तस्रावाची शक्यता असल्याने वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नये. सापामागे धावू नये. सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर छायाचित्र मिळाले तर ते डॉक्टरांना दाखवावे. साप ओळखता आला नाही तरी रुग्णालयात जाण्यास विलंब नको; फुरसे वा घोणस असल्यास प्रतिविषच प्राण वाचवते, आणि ते द्यायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा आहे. काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते का, हे पाहण्याची साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. चापड्याच्या दंशात ती पुन्हा पुन्हा करावी लागते. घरी सोडल्यानंतरही लघवी कमी होणे, तिचा रंग गडद होणे किंवा चेहऱ्यावर सूज येणे यांकडे काही दिवस लक्ष ठेवावे. डायलिसिसची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, हे गावाच्या आरोग्यसेविकेला व कृषी सहायकाला हंगामापूर्वीच ठाऊक असावे.