तळपायाची आग मस्तकाला

कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला, की पगार, महागाई आणि संप यांखेरीज तो काय बोलणार, असे श्रोत्यांना वाटते. त्यामुळे ‘पाय आणि पायताण’ हा विषय फलकावर वाचून पुष्कळांना हसू आले असेल. त्यात त्यांची चूक नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या बैठकींत जास्त झाले. तीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी ऐकताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. कंबर धरली, गुडघा बोलू लागला, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, अशी तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा त्याच्या पायांकडे कोणी पाहत नाही. तो स्वतःही पाहत नाही. आपल्या भाषेने मात्र हे पूर्वीच ओळखले आहे. तळपायाची आग मस्तकाला जाते, असे आपण म्हणतो ते रागाबद्दल. पण दुखण्याबद्दलही ते अक्षरशः खरे आहे.

फर्दापूरकरांना पायांचे महत्त्व परक्याने येऊन सांगावे असे नाही. हे गावच अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसलेले. येथली जुनी सराई बांधली गेली ती वाटसरूंच्या विसाव्यासाठीच. आजही देशोदेशींचे प्रवासी तिठ्यावर गाड्या सोडून बसने लेण्यांच्या पायऱ्यांशी जातात, आणि तेथून पुढे सारा कारभार पायांचा. वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या कड्यात खोदलेली तीस लेणी बसून पाहता येत नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांना डोलीवाले खांद्यावर घेतात. वाटाडे दिवसभर चढउतार करतात. पहारेकरी दगडी फरशीवर उभे राहतात. घाटाखालच्या काळ्या रानात कपाशी वेचणाऱ्या बाया सकाळपासून सरीतून सरीत फिरतात. या साऱ्यांचे हातावर पोट आहे असे आपण म्हणतो. खरे पाहता ते पायांवर आहे.

आता हा पाय आहे तरी कसा? माणसाच्या शरीरात २०६ हाडे. त्यांपैकी एका पावलात २६, म्हणजे दोन पावलांत ५२. शरीराच्या एकूण हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखाली आहे! ही हाडे एका ओळीत रचलेली नाहीत. त्यांच्या कमानी बांधल्या आहेत. एक कमान पावलाच्या आतल्या कडेने, एक बाहेरच्या कडेने आणि एक आडवी. पुलाची कमान जसा भार दोन्ही टोकांना वाटून देते, तसा पावलाची कमान अंगाचा भार टाच आणि चवडा यांत वाटते. फरक इतकाच की दगडी पूल हलत नाही. ही कमान प्रत्येक पावलाला किंचित दबते आणि परत उचलते. तळव्याखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा आहे. तो धनुष्याच्या दोरीसारखा तिला ताणून धरतो. सकाळी अंथरुणातून उठताच टाचेत कळ येते, चार पावले टाकली की कमी होते, असा अनुभव अनेकांना असेल. ती कळ बहुधा या पट्ट्याची असते.

एक किलोमीटर चालायला साधारण तेराशे ते पंधराशे पावले पडतात, आणि प्रत्येक पावलाला एकेका पायावर अंगाच्या वजनाहून थोडा अधिकच भार येतो. पाऊल नीट पडले तर हा भार सुखाने पेलला जातो. कमान खचली, तर घोटा आत कलतो. घोट्याबरोबर नडगी वळते. नडगीमागून गुडघा ओढला जातो, मांडी फिरते, आणि शेवटी कंबरेला आपला तोल सांभाळावा लागतो. भिंतीचा पाया एका बाजूला बसला की तडा छतापाशी दिसतो, तसेच हे. सपाट पावले म्हणजे रोग, असे मात्र कोणी समजू नये. लहान मुलांची पावले सपाटच असतात, आणि पुष्कळ मोठी माणसेही तशा पावलांनी जन्मभर बिनतक्रार चालतात. दुखू लागले, तरच उपाय शोधायचा.

दुसरी गोष्ट रक्ताची. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते. पण ते वर परत कसे येते? येथे पोटऱ्या उपयोगी पडतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की शिरा दाबल्या जाऊन रक्त वर चढते, आणि शिरांतल्या झडपा ते खाली उतरू देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. माणूस चालत असतो तोवर हा पंप चालू; तो एका जागी उभा राहिला की पंप बंद. मग घोटे सुजतात, पाय जड होतात, आणि वर्षानुवर्षे असे उभे राहणाऱ्यांपैकी कित्येकांच्या पायांवर निळ्या शिरांच्या गाठी उमटतात. दहा कोस चालणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा दहा तास उभा असलेला दुकानातला नोकर अधिक का थकतो, याचे उत्तर येथे आहे.

तिसरी गोष्ट दाराची. पाय हे शरीराचे जमिनीकडे उघडणारे दार आहे. उघड्यावर शौचाला बसण्याने दूषित झालेल्या ओल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी तळव्याच्या कातडीतून शिरतात, रक्तातून फुप्फुसात आणि तेथून आतड्यात जातात, आणि तेथे चिकटून रक्त पितात. चेहरा पांढुरका पडतो, दम लागतो, काम होत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘आळशी झाली!’ रोग तळव्यातून आला, हे कोणाच्या मनातही येत नाही. पावसाळ्यातल्या चिखल्या, खिळ्याच्या जखमेतून होणारा धनुर्वात, रानातला सर्पदंश यांचीही वाट बहुधा पायाकडूनच येते.

मधुमेह्याचे दार तर पहारेकऱ्याविना असते. हा रोग फार दिवस राहिला की पायांची संवेदना बोथट होते. खडा बोचतो, कळत नाही; कातडी भाजते, कळत नाही. वेदना हा आपल्याला शत्रू वाटतो, पण तीच रखवालदार आहे. हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांवर काम करताना दाखवून दिले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगामुळे आपोआप गळतात अशी समजूत होती. त्यांना आढळले, की वेदना न कळल्याने जखमेवर जखम होते आणि त्यातून बोटे जातात. त्यावर त्यांनी योजलेला मोठा उपाय कोणता? मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचे पायताण! तसल्या चपला आजही अशा रुग्णांना दिल्या जातात. अजिंठ्याची चित्रे पाहायला जोडे काढावे लागतात, ते योग्यच आहे. पण उन्हाळ्यात तापलेल्या दगडावर मधुमेही पाहुण्याने अनवाणी पाऊल ठेवण्यापूर्वी पायमोजे चढवावेत, एवढे आपल्या वाटाड्यांनी सांगितले तर एखाद्याचा पाय वाचेल.

लेण्यांचा विषय निघालाच आहे, तर विनयपिटकाच्या महावग्गातली एक हकीकत सांगतो. त्यात एक अख्खे प्रकरण कातड्याच्या वस्तू आणि वहाणा यांवर आहे. सोण कोळिविस नावाचा अतिशय सुकुमार श्रीमंत तरुण भिक्षू झाला. तो चालत ध्यान करी, आणि त्याच्या तळव्यांच्या रक्ताने चालण्याची जागा माखली. बुद्धाने ते पाहिले आणि त्याला एका तळाची वहाण घालण्याची मुभा दिली. सोणाने ती एकट्यासाठी नाकारली. आपण एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणेत जीव अडकला, असे लोक म्हणतील. साऱ्या संघाला परवानगी असेल तर आपणही घालू, असे त्याचे म्हणणे. मग ती परवानगी सर्वांना मिळाली. पुढे अवंती आणि दक्षिणापथातून मागणी आली, की इकडची जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. तेव्हा या प्रदेशासाठी अनेक पदरी तळाच्या वहाणांनाही संमती मिळाली. ज्या दक्षिणापथात पुढे अजिंठ्याची लेणी खोदली गेली, त्याच्या काळ्या मातीची ही नोंद आहे. आम्ही ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो. सवलत एकट्याला नको, सगळ्यांना हवी, आणि ती जमीन पाहून हवी. मागणीपत्रक लिहिण्याचा याहून चांगला धडा आम्हाला कोठे मिळाला नव्हता.

हा धडा आम्हाला उशिरा मिळाला, हेही कबूल केले पाहिजे. एका शहरातल्या सफाई कामगार भगिनींसाठी आमच्या संघटनेने गमबूट मागितले, आणि झगडून मिळवले. फलकावर ‘मागणी मान्य’ असे लिहिले, पेढे वाटले. दोन वर्षांनी कळले, की ते सारे बूट पुरुषांच्या मापाचे होते. भगिनी त्यांत चिंध्या कोंबून पाहत, घोटे सोलवटले की पिशवीत टाकत, आणि साहेब तपासणीला आला तेवढ्यापुरते चढवत. कचेरीने शेरा मारला, ‘बूट दिले, वापरत नाहीत.’ त्यांतल्या एका मधुमेही भगिनीच्या पातळ चपलेतून काच शिरली. तिला ती कळली नाही. पायाचा अंगठा काढावा लागला. चूक कचेरीची होतीच. पण दोन वर्षांत आम्ही एकदाही वाकून विचारले नाही, की ‘बाई, बूट बसतो का?’ तेव्हापासून आमच्या मागणीपत्रकात बुटाच्या आकड्याबरोबर पायाचे माप लिहिले जाते.

माप घ्यायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. दिवसभरात पाय किंचित फुगतात, म्हणून जोडा संध्याकाळी घ्यावा. दोन्ही पावले सारखी नसतात. मोठ्या पावलाचे माप धरावे. उभे राहून पाहावे, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी. पुढून निमुळता जोडा अंगठ्याला आत वाकवतो आणि कुरूप देतो. उंच टाच सारा भार चवड्यावर टाकते. तळ चवड्यापाशी वाकावा. मध्ये मोडणारा जोडा घेऊ नये. टाच घट्ट धरलेली असावी, कारण सैल सपाता सांभाळण्यासाठी बोटांना सतत आकडी घालावी लागते. ‘पुढे सैल होईल’ हे दुकानदाराचे वाक्य ऐकून कोणी जोडा घेऊ नये. जुनी चपल टाकण्यापूर्वी उलटी करून पाहावी. टाच बाहेरच्या कडेने थोडी झिजणे साहजिक. एकच चपल किंवा आतली कडच झिजली असेल, तर पाय काही सांगतो आहे. मधुमेह्याने रोज रात्री तळवे पाहावेत, वाकवत नसेल तर आरशात. जोडा घालण्यापूर्वी तो झटकून आत हात फिरवावा. स्वच्छ, मऊ मातीत मुलांनी अनवाणी खेळावे. त्याने पाय बळकट होतात.

पण नुसत्या सल्ल्याने पाय वाचत नाहीत. एकेकाळी या महाराष्ट्रात अशी गावे होती, की जेथे दलित माणसाला वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. आणि त्या वहाणा शिवणारे हातही बहुधा त्याच वस्तीतले. तेव्हा पायताण हा केवळ आरोग्याचा प्रश्न नाही, तो मानाचाही आहे. १९४८ सालच्या कारखाना कायद्यात ४४ वे कलम घातले गेले, की उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी. दुकानांतल्या स्त्रियांना हाच हक्क मिळवायला केरळात २०१८ साल उजाडले. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानात पोचले. त्यांच्या मागण्या जमिनीच्या आणि कर्जाच्या होत्या. पण मुंबईकराच्या काळजाला भिडले ते त्यांचे फुटलेले, रक्ताळलेले तळवे. लोक पाणी, खाणे आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. त्या दिवशी शहराने पहिल्यांदा खाली पाहिले.

आमचे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर परातीत पाणी घ्या, आणि घरातले जे माणूस सर्वांत जास्त वेळ उभे असते, बहुतेक घरी ती चुलीपाशी उभी असलेली आईच असेल, तिचे पाय एकदा उजेडात पाहा. टाचांच्या भेगा, सुजलेले घोटे, वाकडा झालेला अंगठा, हे सारे तिने कधी सांगितलेले नसते. तिची चपल उलटी करून पाहा. आणि पुढच्या बाजारी स्वतःसाठी जोडा पाहण्याआधी तिला बरोबर न्या. माप तिच्या पायाचे घ्यावे लागेल. अंदाजाने आणू नका. ती चूक आम्ही करून चुकलो आहोत.