पिंपाचं देणं

संपादकांची मागणी साधी होती: मुरलेली सिंगल माल्ट प्यायची कशी, ते वाचकांना सांगा. स्कॉटलंडमध्ये स्पे नदीच्या काठी डिस्टिलऱ्यांना तोटा नाही, आणि तांब्याच्या चकचकीत पॉट स्टिलपुढे फोटो सगळेच काढतात. माझा पाय मात्र क्रेगेलाखीच्या स्पेसाइड कूपरेजमध्ये अडकला. तिथे व्हिस्की बनत नाही, पिंपं दुरुस्त होतात. 1947 मध्ये टेलर कुटुंबाने काढलेला हा कारखाना 2008 पासून फ्रेंच मालकांकडे आहे. इतिहास एवढा पुरे.

कारण गॅलरीत उभं राहिलं की नजर खालच्या कारागिरावर खिळते. तो पिंपाभोवती फिरत हातोड्याने लोखंडी कडी उतरवतो, फळ्या निरखतो. एखादी फुटकी निघाली की दुसऱ्या जुन्या पिंपातली मापाची फळी शोधून ठोकतो. खिळा नाही, गोंद नाही. झाकणाच्या फळ्यांमध्ये वाळलेल्या लव्हाळ्याची पात दाबायची आणि कडी पुन्हा चढवायची. उरलेल्या फटी ओलाव्याने फुगलेलं लाकूड स्वतःच बुजवतं. मजुरी नगावर, त्यामुळे हात थांबत नाही. उमेदवारी चार वर्षांची. ती संपली की सहकारी त्या पोराला पिंपात कोंबतात, काजळी आणि काकवी फासतात आणि गडगडवत नेतात. पदवीदानाचा इतका घाणेरडा समारंभ मला दुसरा ठाऊक नाही.

मग जाळ. थकलेल्या पिंपाचं आतलं लाकूड खरवडून त्यात ज्वाळा सोडतात. कोळशाचा थर गंधकाचे उग्र वास शोषतो. त्याखालच्या भाजलेल्या ओकमधून व्हॅनिला आणि नारळाचा गंध उतरतो. भट्टीतून निघालेली दारू तर पाण्यासारखी रंगहीन असते. बर्बन नव्या, जाळलेल्या ओकमध्येच ठेवावी असा अमेरिकेचा कायदा, म्हणून तिथली सुमारे 200 लिटरची वापरलेली पिंपं इकडे येतात. शेरीची 500 लिटरची पिंपं सुक्या मेव्याची चव देतात. स्कॉटलंडचा नियम एवढाच: ओकचं पिंप, 700 लिटरपेक्षा मोठं नको, आणि किमान तीन वर्षं.

प्यायचं म्हणाल, तर तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, बर्फ नको. आधी नाक, मग घोट, मग पाण्याचे दोन-चार थेंब. पाण्याने वास खुलतो हे गुत्त्यातलं शहाणपण नव्हे; 2017 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी संगणकीय गणिताने दाखवलं की पाणी वाढलं की धुरकट वासाचा ग्वायकॉल पृष्ठभागाकडे सरकतो. रंगावर मात्र जाऊ नका. कॅरमेलचा रंग घालायला स्कॉचच्या नियमांत मुभा आहे.

खरी अडचण वयाची. लेबलावरचा 18 हा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय सांगतो. पिंप दमदार होतं की तिसऱ्यांदा भरलेलं थकलेलं, ते सांगत नाही. दरवर्षी साधारण दोन टक्के दारू उडून जाते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. दमट हवेत पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं आणि तीव्रता उतरत जाते. ती 40 टक्क्यांच्या खाली गेली की तिला स्कॉच म्हणून विकता येत नाही. गॉर्डन अँड मॅकफेल या व्हिस्की कंपनीने 1940 मध्ये पिंपात भरलेली ग्लेनलिव्हेट 80 वर्षांनी बाटलीत उतरवली तेव्हा 44.9 टक्के होती. असं पिंप विरळाच. बहुतेक पिंपं इतकी थांबली तर उरतो तो लाकडाचा तुरटपणा. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट मुरते, तिथल्या उष्म्यात हा वाटा कित्येक पटींनी मोठा. म्हणजे स्कॉटलंडची वर्षं आणि गोव्याची वर्षं एका तराजूत तोलताच येत नाहीत.

तरी बाजार आकड्यालाच भुलतो. आता तर अख्खं पिंप गुंतवणूक म्हणून विकतात, आणि एकच पिंप अनेकांच्या गळ्यात मारल्याची प्रकरणं ब्रिटनमध्ये उघडकीस आली आहेत. कुणी असं पिंप दाखवलं तर छापील प्रमाणपत्रावर विसंबू नका. गोदामाने मान्य केलेली, तुमच्या नावाची डिलिव्हरी ऑर्डर मागा. आणि नुसती प्यायचीच असेल, तर पंचविशीच्या बाटलीचे पैसे वाचवा. चांगल्या पिंपातली बारा ते अठरा वर्षांची घ्या, आणि लेबलावर वयाआधी पिंपाचा प्रकार वाचा.