बोटांनी वाचायच्या पाट्या

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड नावाचे एक स्थानक आहे. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून हे नाव पडले. 1910 मध्ये कुर्ल्याहून आलेली हार्बरची गाडी येथपर्यंतच धावत असे. आजूबाजूला गोदामे, गोदीकडे जाणारे ट्रक आणि जुनी जहाजे तोडण्यासाठी प्रसिद्ध असलेला दारूखाना. आता समजा, एका पूर्ण अंध प्रवाशाला येथून वडाळ्याला जायचे आहे. आपण पुलावरच्या पाटीकडे एक नजर टाकतो आणि जिना उतरतो. त्याने काय करावे? चुकीच्या जिन्याने उतरला तर तो थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणाऱ्या गाडीत बसेल. येणारी गाडी कोठे जाणार, हे ध्वनिक्षेपक सांगतो. पण "तुम्ही आता कोणत्या फलाटावर उभे आहात" हे तो सांगत नाही. अंध व्यक्ती आवाजावरून दिशा ओळखतात हे खरे, पण ट्रकांच्या आणि पत्र्यांच्या खडखडाटात कानावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. मग उरतो तो स्पर्श.

स्पर्शाने किती बारीक वाचता येते, हे वर्गातच तपासून पाहता येईल. कंपासपेटीतील कर्कटकाऐवजी केसांत घालायचा यू आकाराचा आकडा घ्या, म्हणजे टोचणार नाही. त्याच्या दोन टोकांत 3 मिलिमीटर अंतर ठेवा आणि डोळे मिटलेल्या मुलाच्या तर्जनीच्या टोकाला दोन्ही टोके एकाच वेळी हळूच टेकवा. "दोन टोके" असे उत्तर बहुधा मिळेल. तीच टोके मनगटाच्या वर, हातावर टेकवली तर "एकच" असे उत्तर येईल. तेथे दोन टोके वेगळी कळायला तीन-चार सेंटिमीटर अंतर लागते. बोटाच्या टोकाशी स्पर्श ओळखणारे मज्जातंतूंचे शेवट दाट असतात, हातावर ते विरळ असतात. ब्रेलमधील शेजारच्या दोन ठिपक्यांमधील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. याहून फार कमी केले तर ठिपके एकमेकांत मिसळतात. फार वाढवले तर अक्षर बोटाखाली मावत नाही. लुई ब्रेल (1809–1852) याच्या आधी शार्ल बार्बिये याने बारा ठिपक्यांची लिपी केली होती. तिचे चिन्ह बोटाला एका स्पर्शात कळत नसे. ब्रेलने ठिपके सहावर आणले, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता.

सहा ठिपके म्हणजे तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. डावीकडील ठिपक्यांना वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडील ठिपक्यांना 4, 5, 6 असे क्रमांक देतात. यांतून 63 चिन्हे तयार होतात. भारतीय भाषांसाठी पूर्वी निरनिराळ्या ब्रेल लिपी चालत. 1951 मध्ये सर्वांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरली. तीत काना-मात्रा वर-खाली लावत नाहीत. व्यंजनानंतर स्वराचे चिन्ह सरळ पुढे लिहितात. म्हणून 'रे रोड' असे लिहायचे:

र (1-2-3-5), ए (1-5), मोकळी जागा, र (1-2-3-5), ओ (1-3-5), ड (1-2-4-6).

एका चिन्हाला सुमारे सहा मिलिमीटर धरले, तर मधल्या जागेसह हे सारे नाव साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास बसते. गंमत म्हणजे इंग्रजी ब्रेलमध्येही या नावाची पहिली दोन चिन्हे हीच आहेत, कारण भारती ब्रेलमध्ये शक्य तेथे सारख्या उच्चाराची चिन्हे सारखीच ठेवली आहेत.

मुंबईला हा विषय नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी 1900 मध्ये येथे अंधशाळा सुरू केली. तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा 1902 ची. म्हणजे बोटांनी मराठी वाचणारी माणसे या शहरात शंभराहून अधिक वर्षे आहेत. त्यांच्यासाठी पाट्या मात्र फार उशिरा आल्या.

आता खरी अडचण. साडेतीन सेंटिमीटरांची पाटी सापडायची कशी? डोळसाला पाटी दुरून बोलावते. ब्रेलची पाटी हात लागेपर्यंत अस्तित्वातच नसते. भिंतीच्या मधोमध, शोभेसाठी लावलेली ब्रेलची पाटी आम्हाला म्हणूनच निरर्थक वाटते. हात जेथे आपण होऊन जातो, तेथेच ती हवी: जिन्याच्या कठड्यावर, सुरुवातीला आणि शेवटी, लिफ्टच्या बटणाशेजारी, दाराच्या कडीकडील बाजूस, प्रत्येक मजल्यावर त्याच उंचीवर. पुलावरच्या कठड्यावर "फलाट 1" एवढेच शब्द असले, तरी आपल्या प्रवाशाचा प्रश्न सुटतो.

कठड्यापर्यंत नेण्याचे काम पायांखालची फरशी करते. जपानच्या सेइची मियाके याने ती 1965 मध्ये शोधली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवली. लांबट उंचवटे म्हणजे "या दिशेने चला", गोल उंचवटे म्हणजे "थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे". फलाटाच्या कडेला गोल उंचवट्यांचा पट्टा असतो. तो कापडाच्या बोचक्याने झाकला गेला, तर "थांबा" हा शब्दच पुसला जातो. फरशीचा पिवळा रंगही उगाच नसतो. अंधुक दिसणाऱ्यांना तो करड्या जमिनीवर उठून दिसतो. इमारतीच्या दगडाशी 'जुळणारा' रंग निवडणारे वास्तुरचनाकार हे विसरतात.

अंधुक दिसणारे, आणि उतारवयात दृष्टी गेलेले, यांच्यापैकी पुष्कळांना ब्रेल येत नाही. त्यांच्यासाठी मोठी, उठावाची, पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगाची अक्षरेही हवीत. येथे देवनागरीची एक खोड लक्षात घ्यावी लागते. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून 'भ' आणि 'म' करा आणि डोळे मिटून चाचपून पाहा. शिरोरेषा बोटाला सलग कड लागते आणि ओळख पटवणारी छोटीशी फट हरवते. अक्षर मोठे केले आणि फटी रुंद ठेवल्या, तर फरक कळू लागतो.

कायद्याने काय सांगितले आहे? 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमात लिफ्टमध्ये ब्रेल चिन्हे आणि फलाटाच्या कडांवर अंधांसाठी खुणा यांचा उल्लेख होता. पण "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असे शब्दही होते, आणि त्या मर्यादेत बरेच काही राहून गेले. 2016 च्या अधिनियमाने सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम 2017 मध्ये आले. मुदत 2022 मध्ये संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले, की सुगमतेचे नियम केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे कायद्याला धरून नाही. सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवावीत. 2011 च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व नोंदवलेल्यांची संख्या सुमारे 50 लाख होती, हे येथे सांगायला हवे.

पाटी लागल्यावरही तिची तपासणी ब्रेल वाचणाऱ्याकडूनच करून घ्यावी. रंगकामात ठिपक्यांवर तैलरंगाचे थर चढतात आणि चिन्ह बोथट होते. त्याहून नेमकी चूक म्हणजे पाटी उलटी बसणे. चार स्क्रू आवळणाऱ्या कारागिराला सरळ-उलटे कळण्यासारखे काहीच नसते. आपली 'रे रोड'ची पाटी कागदावर काढा आणि कागद वरचा खाली करा. 'र'चे ठिपके 2-4-5-6 असे होतात, म्हणजे 'ठ'. 'ओ'चा होतो 'औ'. पाटी घडवतानाच मागच्या बाजूला वरच्या दिशेने एक बाण कोरला, तर हे टळते.