अंधेरीच्या कढईतलं कोषा मांग्शो

मुंबईच्या उपनगरांत बंगाली मटण हॉटेलांच्या कितीतरी आधी घरांत शिजू लागलं, आणि ते आलं सिनेमाच्या मागोमाग. 1934 साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. मालाड तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होतं. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग जर्मनीहून आलेले, तर लेखक निरंजन पाल बंगाली. शशधर मुखर्जी ध्वनिविभागात होते आणि त्यांचे मेहुणे अशोककुमार प्रयोगशाळेत काम करता करता 1936 साली नायक झाले. 1938 मध्ये गुप्तहेर ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय याच कंपनीसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले. पुढे ते सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले आणि शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मुलावर त्यांनी बंगाली मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. मराठी वाचकाला हा माणूस अधिक ठाऊक असायला हवा होता.

पुढचा प्रवास पश्चिम रेल्वेच्या रुळांलगत दक्षिणेकडे सरकत गेला. 1943 साली बॉम्बे टॉकीजमधून फुटून निघालेल्यांनी गोरेगावला फिल्मिस्तान काढली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याहून बिमल रॉय आले. त्यांच्याबरोबर हृषीकेश मुखर्जी, नवेंदु घोष, असित सेन अशी मंडळी आली आणि अंधेरीचा मोहन स्टुडिओ बिमलदांचं कार्यक्षेत्र झाला. 1958 मध्ये शशधर मुखर्जींनी अंधेरीतच आंबोलीला फिल्मालय उभारलं. मालाड, गोरेगाव, अंधेरी या तीन स्टेशनांच्या पट्ट्यात बंगाली बिऱ्हाडं पसरली त्याचं एक मोठं कारण हे. पवई, ठाणे, नवी मुंबईकडची बंगाली वस्ती नंतरची, बँका, अभियांत्रिकी आणि संगणकाच्या नोकऱ्यांमागे आलेली. पण रविवारी दुपारी मटणाचा रस्सा-भात आणि मग झोप हा त्या सगळ्यांचा शिरस्ता आपल्या ओळखीचा आहे. गिरगावातही रविवार असाच असायचा.

1948 साली शशधर मुखर्जींच्याच पुढाकारानं 'नॉर्थ बॉम्बे सार्वजनीन दुर्गापूजा' सुरू झाली. आज जुहू-पार्ल्याकडे होणारी ही पूजा काजोल आणि राणी मुखर्जी भोग वाढतात म्हणून वर्तमानपत्रांत येते. तो भोग शाकाहारी असतो: खिचुरी, लाबडा, चटणी, पायेश. मटण शिजतं घरी, नवमीला. शेजारच्या मराठी घरात घट बसलेले, उपास चालू, आणि त्याच मजल्यावरून मोहरीच्या तेलात परतलेल्या मटणाचा वास. याचं नवल करणाऱ्यानं आधी तुळजापूरकडे पाहावं. तिथे भवानीच्या नवरात्रात अजाबळी हा विधीचाच भाग आहे. खंडेनवमीला शस्त्रांपुढे बोकडाचा मान देणारी मराठा घराणीही आहेत. देवी तिकडची असो वा इकडची, तिच्या पूजेत मांसाला जागा होती आणि आहे. उपनगरी सोसायट्यांनी नवरात्राचा एकच, सोवळा अर्थ धरून ठेवला आहे, तो मला पटत नाही.

मराठ्यांनी खुद्द बंगालमध्ये दुर्गापूजा मांडल्याचाही इतिहास आहे. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर यानं काटव्याजवळ दाईंहाटला मोठी पूजा आरंभली. नवमीच्या पहाटे अलीवर्दीखानाच्या फौजेनं छापा घातला आणि पूजा अर्धी टाकून मराठे निघाले. त्या स्वाऱ्यांत बंगालची जी लूट झाली तिची आठवण तिथल्या अंगाईत अजून टिकून आहे. आपण ती विसरू नये.

बळीचं मांस बंगालमध्ये कांदा-लसणाशिवाय शिजवतात. आलं, जिरं, धणे, हिंग, हळद आणि शेवटी तूप-गरम मसाला, एवढ्यावर ते उभं राहतं. कालीघाटच्या प्रसादाची ही परंपरा घराघरांत पोचलेली आहे. कांदा-लसणाविना मटण होऊच शकत नाही असं मानणाऱ्यानं ते एकदा करून पाहावं; बोकडाच्या मांसाची स्वतःची चव त्यात जितकी कळते तितकी दुसऱ्या कशात कळत नाही.

आता मटणाकडे येऊ. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बहुतेक दुकानांतलं मटण देवनारहून येतं. महापालिकेचा हा कत्तलखाना 1971 साली वांद्र्याहून हलवून देवनारला सुरू झाला. तिथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून जनावरं उतरतात, म्हणजे सिरोही, मारवाडी अशा उंच, थोराड जातीची. बंगालची देशी शेळी, 'ब्लॅक बेंगॉल', अंगानं लहान. तिचा पूर्ण वाढलेला नरही साधारण 25-30 किलोचाच. तिचं मांस बारीक धाग्याचं आणि लवकर शिजणारं. कोलकात्यात तासाभरात शिजणाऱ्या पाककृतीला घाटकोपरच्या गॅसवर दीड-दोन तास का लागतात याचं उत्तर इथे आहे. कृती चुकीची नाही, बोकड वेगळा आहे.

खाटकाकडे जाताना म्हणून तीन गोष्टी सांगाव्यात. एक, बोकडच हवा, मेंढी नको. पुणे जिल्ह्यात बोल्हाईचे भक्त बोकड वर्ज्य मानून मेंढीचंच मटण खातात आणि ते चविष्टही असतं, पण त्याचा उग्र वास मोहरीच्या तेलाशी भांडतो. दोन, खांदा, चाप आणि नळी मिसळून घ्यावी, थोड्या चरबीसकट. निव्वळ मांडीचे तुकडे कोरडे पडतात. 'रेवाजी खाशी' म्हणून कोलकात्यात ज्याला मान आहे तो खच्ची केलेला, चरबी धरलेला बोकड असतो, आणि ही चरबीच रश्श्याला अंग देते. तीन, तुकडे आपल्या सवयीपेक्षा मोठे हवेत, कारण ते बराच वेळ परतले जाणार आहेत. ओळखीचे चाचा असले तर 'बंगाली पीस' म्हटलं की पुरतं. पर्युषणात मात्र आधी चौकशी करावी. देवनार काही दिवस बंद असतं, आणि 2015 साली मटणविक्रीवरच्या बंदीचा वाद तर उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तेल मोहरीचंच, घाण्याचं. शेंगदाण्याच्या तेलात मटण चांगलंच होतं, पण ते हे मटण नव्हे. मोहरी चिरडून पाण्याशी मिळाली की तिच्यातली विकरं जागी होतात आणि नाकात जाणारा तो तिखट पदार्थ तयार होतो. तो उडून जाणारा असतो. म्हणून तेल कढईत धूर निघेपर्यंत तापवतात, रंग फिका झाला की आच मंदावतात, आणि मगच फोडणी. धूर येण्याआधी कांदा टाकला तर कच्चट, कडवट वास शेवटपर्यंत जात नाही. 1998 साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलानं माणसं दगावली होती. म्हणून सुटं तेल घेणं टाळावं हे बरं.

एक किलो मटणाला पाव किलोपेक्षा जरा कमी दही, हळद, मीठ आणि दोन चमचे कच्चं मोहरीचं तेल चोळून तीन-चार तास ठेवावं. तेल तापून निवळलं की आधी सोललेल्या बटाट्यांचे अर्धे तुकडे हळद लावून त्यात तांबूस तळून बाजूला काढावेत. मग त्याच तेलात तमालपत्र, दालचिनी, हिरवी वेलची, लवंग, दोन सुक्या मिरच्या आणि एक चमचा साखर. साखर वितळून तपकिरी झाली की लगेच कांदा. रश्श्याचा लालसर रंग बराचसा या जळत्या साखरेचा असतो. कांदा किलोला अर्धा किलो तरी, उभा बारीक चिरलेला. त्याला वीस-पंचवीस मिनिटं मध्यम आचेवर द्यावीतच. नंतर आलं-लसणाचं वाटण, जिरं-धण्याची पूड, काश्मिरी मिरची, आणि मटण.

यापुढचं काम म्हणजे कोषणं, आणि सगळा पदार्थ तिथेच घडतो. आपल्या मटणात चवीचा भार वाटणावर असतो: मालवणीत भाजलेलं खोबरं, कोल्हापुरीत कांदा-लसूण मसाला, सीकेपी घरांत त्यांचं ठेवणीतलं वाटण. इथे खोबरं नाही, भाजलेलं वाटण नाही, मसाले हाताच्या बोटांवर मोजावे इतके. भार आचेवर आणि हातावर आहे. मटण आधी पाणी सोडतं, दहीही सोडतं. ते पाणी आटतं, मसाला कढईच्या बुडाला धरू लागतो, तेव्हा दोन चमचे गरम पाणी घालून तो खरवडून पुन्हा मटणावर चढवायचा. पुन्हा आटू द्यायचं, पुन्हा खरवडायचं. पाणी असेतो कढईतलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. ते आटलं की मांसाचा पृष्ठभाग आणि मसाला तांबूस होऊ लागतो आणि भाजकी चव तयार होते, आणि प्रत्येक पाण्याबरोबर ती रश्श्यात उतरते. पाऊण तासानं मसाल्यातून तेल बाजूला सुटतं, मटण गडद होतं. थंड पाणी घालू नये. आच तुटते आणि मांस आखडतं.

इथून दोन वाटा फुटतात. पाणी अगदी थोडं घालून, झाकून, मंद आचेवर शिजवलं तर कोषा, अंगाबरोबर मसाला असलेलं. उत्तर कोलकात्यात श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकातलं गोलबाडी या जवळजवळ काळ्या कोषा मांग्शोसाठी प्रसिद्ध आहे, आणि दुकानाचं पाटीवरचं नाव आहे 'न्यू पंजाबी हॉटेल'. चार-पाच वाट्या गरम पाणी घातलं तर झोल, पातळ, बटाट्याचा. रविवारी घरी होतो तो बहुधा झोलच. सांध्यांभोवतालच्या चिवट भागाचं चिकट द्रव्यात रूपांतर व्हायला मंद उष्णता आणि वेळ लागतो, म्हणून उकळी जोरात येऊ देऊ नये. बटाटे शेवटच्या वीस मिनिटांत घालावेत.

कुकरबद्दल विचारणारे असतातच. लोकल पकडून रात्री आठला घरी येणाऱ्या माणसाला दोन तास कढईपाशी उभं राहा असं सांगणं अन्यायाचं होईल. कुकर जरूर लावावा, पण कोषणं पूर्ण झाल्यावर, दोन-तीन शिट्यांपुरता. मटण आधी कुकरमध्ये शिजवून मग मसाल्यात टाकण्याची जी चाल आपल्याकडे आहे ती इथे चालत नाही, कारण मांसाचा सगळा रस पाण्यात गेलेला असतो आणि कोषायला उरतं ते चोथट मांस.

उतरवताना चमचाभर तूप आणि वेलची-लवंग-दालचिनीची ताजी पूड. आपला गोडा मसाला नको. झोलाबरोबर साधा भात, बारीक गोविंदभोग मिळाला तर तो, नाहीतर आपला आंबेमोहोर त्याच्या जागी शोभतो. कोषाबरोबर मैद्याची लुची. नवमीला पाहुणे असतील तर मटण आदल्या रात्रीच करून ठेवावं. चरबी वर थिजते, मसाला आत मुरतो, आणि सकाळी मंद आचेवर गरम करताना फक्त अर्धी वाटी पाणी लागतं.