सोडविलेल्या बैलाचा सांभाळ

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाचे खांदे तुपाहळदीनें मळतों. त्याच खांद्यांवर ऊसवाहतुकीच्या हंगामांत जूं घासून पडलेल्या जखमा किती ठिकाणीं दृष्टीस पडतात, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. अशा बैलास सोडवून आणावें, असें पुष्कळ दयाळू गृहस्थांस वाटतें, व तें योग्यच आहे. परंतु सोडविणें हें एका दिवसाचें काम, व सांभाळणें हें अनेक वर्षांचें काम होय. दुसऱ्याचा विचार आधीं न केल्यास बैल एका हालांतून निघून दुसऱ्या हालांत पडतो.

प्रथम कायदा पाहूं. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें जनावरास निर्दयपणें मारणें, उपाशी ठेवणें, किंवा जखमी असतां कामास जुंपणें हा गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणें बैलाकडून दिवसांत एकंदर ९ तासांहून अधिक, अगर विसाव्यावांचून सलग ५ तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं. उष्णमान ३७ अंशांवर असेल तेथें दुपारीं १२ ते ३ पर्यंत गाडी जुंपण्यास मनाई आहे. आर लावलेल्या पराणीसही बंदी आहे.

म्हणून मालकाशीं हातघाईवर न येतां पोलीस ठाण्यांत वर्दी द्यावी व पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करवावी. पंचनाम्यांत जनावराचा रंग, शिंगें, जखमा आणि कानांतील बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक लिहवून घ्यावा. नाहींतर पुढें ओळखीचाच वाद उपस्थित होतो. कलम ३५ प्रमाणें न्यायाधीश तें जनावर उपचारालयांत अगर पांजरपोळांत ठेवण्याचा हुकूम देऊं शकतात. पोषणाचा खर्च मालकानें द्यावयाचा असतो. तो गरीब असल्यास सूट मिळूं शकते. उचलीच्या ओझ्याखालीं मालकही पुष्कळदां वाकलेला असतो, हें विसरूं नये. पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे. तेव्हां बैलाच्या पोटाची तजवीज दंडांतून होईल, अशी आशा बाळगूं नये.

पांजरपोळ ही संस्था आपणांस नवीन नाहीं. मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें १८३४ सालीं ती भुलेश्वर येथें स्थापन झाली. परंतु प्रत्येक गांवाजवळ पांजरपोळ नसते. तेथें गांवच्याच गोठ्यांत सोय करावी लागते.

बैल गोठ्यांत आल्यावर दयेच्या भरांत त्याच्यापुढें पाटीभर धान्य ओतूं नये. उपाशी जनावराच्या कोठ्यांत एकदम पडलेलें धान्य आंबतें, आम्ल वाढतें व जनावर दगावतें. पहिल्या आठवड्यांत कडबा, वाळलें गवत व स्वच्छ पाणी हीं थोडीं थोडीं, अनेक वेळां द्यावीं. पेंड व हिरवी वैरण मागाहून हळूहळू वाढवावी. लाळ्या-खुरकूत अगर २०२२ सालीं महाराष्ट्रभर पसरलेला लंपी रोग इतर गुरांत शिरूं नये, म्हणून निदान एक महिना त्यास वेगळें बांधावें. खांद्याची जखम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानें धुवावी व तिजवर माशा बसूं देऊं नयेत. किडे पडल्यास पशुवैद्यास बोलवावें. जखम पूर्ण भरून कातडी टणक होईपर्यंत मानेवर जूं ठेवूं नये.

आतां हिशेब. सुमारें ४०० किलो वजनाच्या, काम न करणाऱ्या बैलास रोज सुमारें ८ किलो वाळली वैरण लागते. म्हणजे वर्षास जवळजवळ ३ टन. त्याच्या शेणाचें खत शेतास मिळतें, हें खरें. पण तेवढ्यानें वैरण भागत नाहीं. महाराष्ट्रांत २०१५ पासून बैलाच्या कत्तलीस बंदी असल्यामुळें थकलेल्या बैलांचा प्रश्न तर आतां प्रत्येक गांवाचा झाला आहे.

हा भार एका घरास जड, परंतु दहा घरांस हलका आहे. सुगींत दहा शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं ३०० किलो कडबा काढून एका गंजींत रचला, तर एका बैलाचें वर्ष निघतें. आधीं ही गंजी रचावी, मग बैल सोडवावयास निघावें, अशी आमची सभासदांस विनंती आहे.