बोट आली, सर्दी आली!

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिक महासागरात, सेंट किल्डा नावाची इवलीशी बेटं आहेत. तिथल्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्या एकच तक्रार असायची : बाहेरची बोट किनाऱ्याला लागली की चार दिवसांत अख्खं गाव शिंकायला-खोकायला लागतं! ‘बोटीची सर्दी’, ‘परक्यांची सर्दी’ अशी नावंही त्यांनी देऊन टाकली होती. अठराव्या शतकातले थोर इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांच्या कानावर हे गेलं, पण त्यांना ते काही पटलं नाही. बेटकऱ्यांचं मात्र अगदी खरं होतं. शंभर-दीडशे माणसांच्या वस्तीत विषाणू सगळ्यांना एकदा गाठून झाला की त्याला नवं घर उरत नाही, तो संपतो. पुढची बोट ताजा विषाणू घेऊन येते. १९३०-३१ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनला संशोधकांनी हेच डोळ्यांनी पाहिलं. हिवाळ्यात समुद्र गोठून बोटी थांबल्या की सर्दी जवळजवळ नाहीशी होई आणि वसंतात पहिली बोट आली की गावभर नाकं वाहू लागत.

आता क्रूझचा विचार करा. तेही एक बेटच, फक्त तरंगणारं. पण त्यावर दर आठवड्याला दोन-तीन हजार नवी माणसं चढतात, तीही दहा देशांची. जेवणाचा हॉल एक, लिफ्ट त्याच, नाटकगृह एक. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना तो वाटायला लागतो. म्हणजे पहिल्या रात्रीच्या जेवणात शेजारी बसलेला हसतमुख माणूस बुधवारी अंथरुणात आणि आपण शुक्रवारी! कित्येकांना तर घरी परतल्यावरच कणकण जाणवते.

भर उन्हाळ्यात फ्लू?

हो, आणि याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९९७ चा उन्हाळा सरता सरता न्यूयॉर्कहून माँट्रियलकडे निघालेल्या एका क्रूझवर माणसं पटापट आजारी पडू लागली. उत्तर अमेरिकेत तेव्हा फ्लूचा मोसमच नव्हता. तपासात सापडला फ्लूचा एक नवा अवतार. त्याचं नाव पुढे ‘सिडनी’ पडलं, कारण तो आधी ऑस्ट्रेलियात ओळखला गेला होता. बोटीवर ऑस्ट्रेलियन पर्यटकांचा एक गट होता आणि त्यांच्याकडे नुकताच हिवाळा होऊन गेला होता. त्या वर्षीच्या लशीत हा अवतार नव्हता. शिवाय तपासात ज्यांची माहिती घेतली, त्यातले तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रवासी एक तर पासष्टीच्या पुढचे किंवा दमा, हृदयविकार अशी जुनी दुखणी असलेले होते. फ्लूचं रूपांतर न्यूमोनियात होण्याचा धोका नेमका याच मंडळींना सर्वाधिक.

गंमत अशी की पृथ्वीवर कुठे ना कुठे फ्लूचा मोसम चालूच असतो. उत्तरेला साधारण ऑक्टोबर ते मे, दक्षिणेला एप्रिल ते सप्टेंबर. आपल्याकडे तर दोनदा : जानेवारी-मार्चमध्ये एकदा आणि पावसाळ्यात पुन्हा. म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीचं सूत्रही वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात. सहलीचे कपडे इस्त्रीला टाकाल त्याच्या कितीतरी आधी दंड पुढे करायचा! आई-बाबांना नेत असाल तर न्यूमोनियापासून बचाव करणाऱ्या न्यूमोकॉकल लशीबद्दलही डॉक्टरांना विचाराच.

आणि हो, बंदरात जहाजावर पिवळा झेंडा बघून घाबरू नका. एके काळी पिवळा बावटा म्हणजे ‘बोटीवर साथ आहे, लांब राहा’. आज आंतरराष्ट्रीय संकेतात त्याचा अर्थ बरोब्बर उलटा आहे : ‘माझ्या जहाजावर सगळं क्षेमकुशल आहे, बंदरात येऊ द्या.’

गरम पाण्याच्या कुंडातला चोर

छातीचा प्रत्येक संसर्ग शेजाऱ्याच्या शिंकेतून येतो असं नाही. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं आणि मागोमाग एका गूढ न्यूमोनियाने माणसं दगावली. त्याला कारणीभूत असलेला जिवाणू पुढच्या जानेवारीत सापडला. त्याचं नाव लिजिओनेला. तो कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो, माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्क-बर्म्युडा क्रूझवर त्याने ५० प्रवाशांना गाठलं. घर करून बसला होता गरम पाण्याच्या कुंडांमध्ये. त्या पाण्यात घालवलेल्या दर तासामागे आजाराचा धोका ६४ टक्क्यांनी वाढत होता. आणि पाण्यात पायही न बुडवता नुसते कुंडाच्या आसपास रेंगाळलेलेही त्यातून सुटले नाहीत! सहलीहून आल्यावर ताप-खोकला आला तर ‘मी अशा कुंडात बसलो होतो’ हे डॉक्टरांना जरूर सांगा. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते.

गोडा मसाला आणि फ्लूचं औषध

चक्रीफूल ओळखता ना? आपल्या मसाल्याच्या डब्यातलं, चांदणीसारखं दिसणारं. ऑसेल्टामिविर, म्हणजे दुकानात ‘टॅमिफ्लू’ नावाने माहीत झालेलं औषध, ज्या शिकिमिक आम्लापासून बनतं ते कित्येक वर्षं प्रामुख्याने चीनमधल्या चक्रीफुलातून काढलं जाई. अर्थात आमटीत चक्रीफूल टाकून फ्लू जात नाही. कारखान्यात त्यावर बऱ्याच रासायनिक प्रक्रिया होतात, तेव्हा कुठे औषध तयार होतं. आणि हे औषध ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा सर्वाधिक उपयोग. ‘बघू दोन दिवस’ म्हणत केबिनमध्ये पडून राहणं इथे महागात पडतं.

बरं, ताप उतरला तरी खोकला का जात नाही? कारण तो इतक्या लवकर जातच नसतो. लोकांची अपेक्षा आठवडाभराची, पण साध्या ब्राँकायटिसचा खोकला सरासरी जवळजवळ १८ दिवस टिकतो. शिवाय तो बहुतेक वेळा विषाणूंमुळेच झालेला असतो, त्यामुळे अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही. धाप लागली, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप उलटला, तर मात्र तडक डॉक्टर.

आणि संसर्ग टाळायला हस्तांदोलन टाळावं का म्हणाल, तर २०१४ मध्ये वेल्समधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. हात मिळवण्यापेक्षा मुठीला मूठ टेकवली तर जंतू सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी जातात. नमस्कारात तर हात हाताला लागतच नाही.

आपला किनारा, आपली माणसं

बोटीच्या सर्दीचं सर्वांत भीषण रूप मुंबईने फ्लूच्या जागतिक साथीत पाहिलंय. मे १९१८ च्या अखेरीला बंदरात सैनिकांची बोट लागली. १० जूनला गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. ६ ऑक्टोबरला या शहरात एका दिवसात ७६८ माणसं गेली. अगदी अलीकडे, जानेवारी २०२२ मध्ये, मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवरचे ६६ जण मुरगाव बंदरात कोरोनाबाधित निघाले.

पण क्रूझवरच्या आजाराचा विषय निघाला की मला आठवतात ते तारवटी. जहाजावर नोकरी करणाऱ्याला गोव्यात म्हणतात तो शब्द. तिथे आणि आपल्या किनारपट्टीवर अशी घरं पुष्कळ आहेत. प्रवासी आठवड्याने उतरतो, तारवटी महिनोन्‌महिने तिथेच. त्यामुळे एका सफरीतला विषाणू पुढच्या सफरीला पोचतो तोही त्यांच्यातूनच. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ ही क्रूझ कोरोनामुळे जपानमध्ये योकोहामाला अडकली तेव्हा बोटीवर ३,७११ माणसं होती. त्यांत १३८ भारतीय आणि त्यातले १३२ कर्मचारी. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद, आणि त्यांची ताटं पोचवणारे हात कामावर. पहिल्या बाधित २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण जेवणखाणाच्या विभागातले होते आणि १६ जणांच्या केबिन एकाच, तिसऱ्या मजल्यावर होत्या.

म्हणून बोटीवर अंग मोडून आलं, घसा धरला, तर बुफेच्या रांगेत उभं राहू नका. केबिनमधूनच दवाखान्याला फोन करा, मास्क लावून तिथे जा, जेवण दाराबाहेर ठेवायला सांगा. ताट आणणारा मुलगा रात्री दुसऱ्या सहकाऱ्यासोबत एका लहानशा खोलीत झोपणार असतो, आणि त्याची घरी जायची तारीख अजून चार महिने लांब असते.