रंगभूषेची सरहद्द

विंचूरची एखादी मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सौंदर्योपचाराचा अभ्यासक्रम पुरा करते, तेव्हा तिच्या हाती येणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. अमेरिकेत या व्यवसायाचा परवाना राज्यागणिक निराळा. म्हणून तेथील काही राज्यांनी अलीकडे परस्परमान्यतेचा करार केला आहे. आपल्याकडे ही अडचण नाही. मग अडते कोठे?

अडले ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत. तेथील रंगभूषाकार-केशभूषाकारांच्या संघटनेत रंगभूषाकाराचे ओळखपत्र केवळ पुरुषास मिळे. स्त्रीने केस विंचरावेत, चेहरा रंगवू नये! शिवाय सभासद होण्यास महाराष्ट्रात 5 वर्षांचे वास्तव्य आवश्यक होते. चारू खुराणा आदी स्त्रियांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2014 रोजी या दोन्ही अटी रद्द ठरविल्या.

पहिल्या अटीची तरफदारी आज कोणी उघडपणे करणार नाही. दुसरीविषयी मात्र मराठी मनात चुळबूळ होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. भूमिपुत्राच्या पोटापाण्याची चिंता खोटी नव्हे. पण जुन्या नियमांनी विंचूरच्या त्या भूमिकन्येलाही दारातच अडविले असते, याचा विसर का पडावा? आणि उद्या तिने सुरतेत वा इंदुरात दुकान थाटावयाचे म्हटले आणि तेथील संघटनेने तिच्याकडे 5 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागितला, तर संविधानाचा 19वा अनुच्छेद आपण कोणत्या तोंडाने दाखविणार?